तोंड झाकून उभा असलेला विजयी राजा: मुखाचं ‘स्लाव महाकाव्य’ कसं वाचायचं

१५ जुलै १४१० रोजी आजच्या पोलंडच्या उत्तर भागात, ग्रुनवाल्ड नावाच्या खेड्याजवळ मोठी लढाई झाली. एकीकडे पोलंडचा राजा व्लादिस्लाव यागिएवो आणि त्याच्या सोबतीला लिथुआनियाची फौज, दुसरीकडे ट्यूटॉनिक नाइट्स हे जर्मन धर्मयोद्धे. राजा जिंकला. पोलंडला आजही या विजयाचा अभिमान आहे. यान मातेय्को या पोलिश चित्रकाराने १८७८ मध्ये ही लढाई एका प्रचंड कॅनव्हासवर रंगवली. त्यात घोडे, भाले आणि आवेशाने पेटलेले चेहरे यांची एवढी दाटी आहे की नजर कुठे ठरत नाही.

याच लढाईचं आणखी एक चित्र आहे. त्यात सगळं संपलेलं आहे. माळावर माणसं आणि घोडे मरून पडलेत. मधल्या उंचवट्यावर जिंकलेला राजा उभा आहे आणि समोरचं दृश्य पाहवत नसल्यासारखं त्याने कापडाने तोंड झाकून घेतलं आहे.

हे दुसरं चित्र आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराचं, १९२४ सालचं. २० चित्रांच्या मालिकेतलं ते दहावं. मालिकेचं नाव ‘स्लोवान्स्का एपोपेय’, म्हणजे स्लाव महाकाव्य. १९१० मध्ये मुखा या कामाला लागला आणि १९२८ मध्ये त्याने ते प्राग शहराच्या हवाली केलं. आयुष्याची जवळपास १८ वर्षं त्याने यात घातली. यातले सर्वांत मोठे कॅनव्हास सुमारे ६ मीटर उंच आणि ८ मीटर रुंद आहेत. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर मुंबईतल्या एखाद्या वन-बीएचके फ्लॅटची सगळी जमीन उचलून भिंतीला उभी लावल्याची कल्पना करा. साधारण तेवढं एक चित्र.

या मालिकेबद्दल लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक तिच्या आकाराबद्दल आणि मालकीच्या भांडणाबद्दल. चित्रांच्या आत काय चाललंय हे मात्र राहूनच जातं. लांबून पाहिलं तर ही एका वंशाची गौरवगाथा वाटते, आणि वंशाच्या गौरवगाथांबद्दल आपण सावध असायलाच हवं. पण जवळ जाऊन एकेक चित्र वाचायला लागलं की कळतं, मुखाचा जीव तलवारींपेक्षा पुस्तकांमध्ये जास्त गुंतलेला होता.

स्लाव म्हणजे नेमकं कोण?

स्लाव हे भाषेवरून पडलेलं नाव आहे. चेक, स्लोव्हाक, पोलिश या पश्चिमेकडच्या. रशियन, युक्रेनियन, बेलारुशियन या पूर्वेकडच्या. आणि सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, बल्गेरियन या दक्षिणेकडच्या भाषा एकाच घराण्यातल्या. त्या बोलणारे ते स्लाव. धर्म वेगवेगळे, लिपी दोन, चालीरीती भिन्न, पण शब्दांची ठेवण सारखी.

आपल्याला हे घराणं अगदीच परकं नाही. चेक भाषेत आभाळाला ‘नेबे’ म्हणतात, आपलं नभ. विधवेला ‘व्दोवा’. दाराला ‘द्वेर्झे’. आणि सुनेला ‘स्नाखा’: संस्कृतमधली ‘स्नुषा’ तिकडे जाऊन स्नाखा झाली आणि आपल्याकडे सून, असं वाटावं इतकं ते जवळचं आहे. खरं तर दोन्हीकडे हे शब्द एकाच जुन्या मुळातून आले. त्या मुळापासून निघालेल्या मोठ्या कुटुंबाला भाषाशास्त्रज्ञ इंडो-युरोपीय म्हणतात. मराठीही त्यातलीच.

१९०० च्या सुमारास या लोकांची राजकीय स्थिती विचित्र होती. रशिया हे एकच बलाढ्य स्लाव राज्य. पोलंड तर नकाशावरून पुसलंच गेलं होतं. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी त्याचे तीन वाटे करून घेतले होते. सर्ब आणि बल्गेरियन शतकांच्या ऑटोमन अमलातून नुकते बाहेर पडत होते. चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन आणि क्रोएशियन लोक ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. चेकांनी १६२० मध्ये प्रागजवळच्या ‘पांढऱ्या टेकडी’च्या लढाईत हार खाल्ली होती. त्यानंतर हॅब्सबर्ग राजांच्या अमलात जर्मन ही दरबाराची, कचेरीची आणि प्रतिष्ठेची भाषा होत गेली. चेक शेतकऱ्यांच्या आणि मोलकरणींच्या तोंडी उरली. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक आणि लेखकांनी ती पुन्हा शाळेत, रंगमंचावर, छापील पानावर आणली. मुखा या पुनरुज्जीवनाच्या काळातलं मूल. २४ जुलै १८६० रोजी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पूर्व भागातल्या, इवान्चित्से या छोट्या गावात तो जन्मला.

जाहिरातींचा चित्रकार इकडे कसा वळला?

प्रागच्या कला अकादमीने तरुण मुखाला प्रवेश नाकारला. मग तो व्हिएन्नात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका कंपनीत लागला. १८८१ मध्ये तिथलं रिंग थिएटर आगीत जळालं, कंपनीचं काम गेलं आणि मुखाची नोकरीही. एका सरदाराच्या आश्रयाने तो म्युनिकला आणि मग पॅरिसला शिकला. १८९४ च्या नाताळात सारा बर्नार या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या नटीला ताबडतोब एक पोस्टर हवं होतं आणि बाकीचे चित्रकार सुटीवर होते. मुखाने ते केलं. १ जानेवारी १८९५ ला ते पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि त्याचं नाव झालं. लांब केसांच्या, फुलांच्या वेलबुट्टीत गुंफलेल्या, डोक्यामागे प्रभावळ असलेल्या त्याच्या स्त्रिया बिस्किटांच्या डब्यांपासून सायकलींच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे पोचल्या. आज प्रागच्या दुकानांत मगवर आणि स्कार्फवर दिसतो तो हाच मुखा.

वळण आलं ते पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनामुळे. बोस्निया-हर्झेगोविनाच्या दालनाची सजावट त्याच्याकडे आली. बोस्नियाचा कारभार १८७८ पासून ऑस्ट्रिया-हंगेरी पाहत होतं. म्हणजे ज्या साम्राज्याखाली मुखाचे स्वतःचे लोक होते, त्याच साम्राज्याने ताब्यात घेतलेला आणखी एक स्लाव मुलूख सुंदर करून दाखवायचा, आणि तोही साम्राज्याच्याच पैशाने. तयारीसाठी तो बाल्कन भागात हिंडला, लोकांचे पेहराव, जत्रा, घरं पाहिली. याच कामात त्याच्या मनात आलं की हे सगळं कधीतरी स्लावांच्या बाजूने रंगवायला हवं.

कल्पना मोठी होती, खिसा लहान. पोस्टरमधून मिळालेली कीर्ती पैशाच्या रूपाने त्याच्या हाती फारशी टिकली नव्हती. १९०४ पासून तो अमेरिकेच्या वाऱ्या करू लागला. १९०८ मध्ये बॉस्टनला त्याने स्मेताना या चेक संगीतकाराची व्लतावा नदीवरची रचना ऐकली आणि उरलेलं आयुष्य याच कामाला द्यायचं त्याने पक्कं केलं. पैसे मिळाले ते चार्ल्स क्रेन या शिकागोच्या उद्योगपतीकडून. क्रेन घराण्याचा धंदा नळ आणि व्हॉल्व्हचा. क्रेनला स्लाव देशांचं मनापासून वेड होतं; पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले तोमाश मासारिक त्याच्या परिचयातले होते. १९०९ च्या अखेरीस त्याने होकार कळवला. मुखाने त्याच्या मुलीचं, जोसेफिनचं, स्लाव देवता ‘स्लाविया’च्या रूपात चित्र काढलं होतं, तोच चेहरा पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या १०० कोरुनांच्या नोटेवर छापला गेला.

झ्बिरोहचा किल्ला

एवढी चित्रं रंगवायला तेवढी जागा हवी. १९१० मध्ये पश्चिम बोहेमियातल्या झ्बिरोह किल्ल्यातलं काचेच्या छताचं मोठं दालन मुखाने भाड्याने घेतलं. कॅनव्हाससाठी शिडाचं जाडजूड कापड बेल्जियमहून आलं. समोर परांच्या उभ्या केल्या. रंग मुख्यतः अंड्याच्या टेम्पेराचे, काही भागांना तैलरंग. टेम्पेरा म्हणजे रंगाची पूड अंड्यात कालवून केलेला रंग. तो लवकर वाळतो आणि तैलरंगासारखा चकाकत नाही. सहा मीटर उंचीच्या चित्रावर जर उजेड चमकायला लागला तर अर्धं चित्र दिसेनासं होईल. टेम्पेरात ती अडचण येत नाही आणि रंग आतून उजळल्यासारखा, धुक्यातून आल्यासारखा वाटतो. स्लाव महाकाव्याचा तो निळसर, स्वप्नातला प्रकाश बराचसा या अंड्याचा आहे.

व्हिएन्नातले पडदे इथे कामी आले. मोठ्या कापडावर लांबून काय दिसेल, गर्दी कशी बसवायची, उजेड कुठून पाडायचा हे मुखाला तिथेच कळलं होतं. तो गावातल्या लोकांना जुने पोशाख घालून उभं करी आणि त्यांचे फोटो काढी, अगदी नाटकाच्या तालमीसारखे. शिवाय प्रवास: रशिया, सर्बिया, बल्गेरिया, ग्रीसमधला आथोस पर्वत. इतिहासाच्या अभ्यासकांशी सल्लामसलत वेगळीच. १९१२ मध्ये पहिली तीन चित्रं पूर्ण झाली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, संपलं, साम्राज्य कोसळलं, २८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया जन्मला. परांचीवरचं काम चालूच होतं.

चित्र वाचायची किल्ली

मुखाच्या चित्रात बहुतेक वेळा दोन मजले असतात. खाली इतिहास: खरी जागा, खरा काळ, खरे कपडे. वर, आकाशात किंवा धुरक्यात, तरंगणाऱ्या आकृती: देव, पूर्वज, येऊ घातलेलं भविष्य, मनातली आशा. खालच्यांना वरचे दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते: पुढच्या कडेला, अगदी आपल्याजवळ, कुणीतरी एकजण चित्रातल्या घटनेकडे पाठ फिरवून थेट आपल्याकडे पाहत असतो. तो राजा नसतो. एखादी बाई, मूल, पळालेला शेतकरी.

पहिलंच चित्र घ्या. चांदण्यांनी गच्च भरलेली निळी रात्र. मागे गाव जळतंय, स्वारांची टोळी लूट घेऊन निघाली आहे. पुढे झुडपात पांढऱ्या कपड्यांतले एक पुरुष आणि एक स्त्री दबा धरून बसलेत, भेदरलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहताहेत. उजवीकडे आकाशात हात पसरलेला एक पुरोहित आणि त्याच्या दोन बाजूंना एक तरुण आणि एक मुलगी, युद्ध आणि शांतता. महाकाव्याची सुरुवात कुठल्या तरी पराक्रमी मूळपुरुषापासून होईल असं आपण धरून चालतो. मुखा ती गवतात लपलेल्या दोन माणसांपासून करतो.

२० चित्रांपैकी निम्मी, म्हणजे १०, चेक इतिहासातली आणि उरलेली इतर स्लाव लोकांची किंवा सगळ्यांची मिळून आहेत. ऐन चाललेली लढाई म्हणावी असं चित्र एकच: १५६६ मधला सिगेतचा वेढा. सुलतान सुलेमानच्या फौजेपुढे क्रोएशियन सरदार निकोला झ्रिन्स्कीने तो गड लढवला. चित्राला चिरत जाणारा काळ्या धुराचा एक उभा लोट आहे. दारूगोळ्याचा कोठार उडणार आहे, आणि मुखाने तो क्षण धरून ठेवला आहे. बाकी लढाया येतात त्या संपल्यावर. १४२० मध्ये प्रागजवळच्या वित्कोव टेकडीवर यान झिझका या सेनापतीने धर्मयुद्ध पुकारून आलेल्या फौजेला हरवलं. चित्रात ढगांतून आलेला उजेड झिझकावर पडलाय, प्रार्थना चालली आहे. पण डावीकडे पुढे एक आई बाळाला घेऊन बसली आहे आणि त्या सोहळ्याकडे तिने पाठ केली आहे. विजय तिच्या कामाचा नाही. पुढे अजून काय काय वाढून ठेवलंय ते तिला माहीत असावं.

आता पुस्तकांकडे

मी सहज मोजून पाहिलं तर २० पैकी १० चित्रांच्या केंद्रस्थानी ग्रंथ, लिपी, प्रवचन किंवा शिक्षक आहे. हे योगायोगाने होत नाही. मुखापुढचा प्रश्न होता: ज्या लोकांकडे बराच काळ स्वतःचं राज्य नव्हतं, ते विरघळून कसे गेले नाहीत? त्याचं उत्तर या दहा चित्रांत आहे.

तिसरं चित्र नवव्या शतकातलं. ग्रेट मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने बायझंटाइन सम्राटाकडे असे धर्मशिक्षक मागितले, जे लोकांना त्यांच्या भाषेत शिकवतील. ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे थेसलोनिकाचे दोघे भाऊ आले. येताना सिरिलने स्लाव ध्वनींसाठी ‘ग्लागोलितिक’ ही नवी लिपीच तयार करून आणली. देवाची उपासना हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत करता येते असं मानणारे तेव्हा पुष्कळ होते. जर्मन पाद्र्यांनी कडाडून विरोध केला. ८८० मध्ये पोप आठव्या जॉनने स्लाव भाषेतल्या उपासनेला मान्यता दिली. मुखाने ते आज्ञापत्र वाचून दाखवलं जातानाचा प्रसंग रंगवला आहे. पुढे एक तरुण मुलगा उभा आहे, एका हातात उंच धरलेलं कडं, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. कडं म्हणजे एकी.

ती मान्यता फार टिकली नाही. ८८५ मध्ये मेथोडियस वारला आणि त्याच्या शिष्यांना हाकलून देण्यात आलं. त्यांतले काही बल्गेरियात पोचले. पुढचं, चौथं चित्र बल्गेरियाच्या झार सिमिओनचं आहे, त्याचं कारण हेच. या राजाने लढाया कमी केल्या नाहीत. पण मुखा त्याला हस्तलिखितांच्या पसाऱ्यात, लेखनिकांच्या गर्दीत बसवतो. मोराव्हियातून हद्दपार झालेली अक्षरं इथे रुजली, इथेच सिरिलिक लिपी वाढली, आणि इथून ती रशियापर्यंत गेली. दोन चित्रं शेजारी ठेवली तरच ही गोष्ट पूर्ण होते. सतरावं चित्र आथोस पर्वतावरच्या मठांचं, जिथे हे जुने ग्रंथ शतकानुशतकं जपले गेले.

मग यान हुस. प्रागचं बेथलेहेम चॅपल १३९१ मध्ये मुद्दाम चेक भाषेतल्या प्रवचनांसाठी स्थापन झालं होतं, आणि हुस १४०२ पासून तिथे बोलायचा. चर्चमधली लाचलुचपत आणि पापक्षमेची विक्री यांवर तो उघड टीका करी. चेक अक्षरांवर आज ज्या छोट्या खुणा दिसतात, त्यांची पद्धत सांगणारा ग्रंथही त्याच्याच नावावर आहे. ६ जुलै १४१५ ला कॉन्स्टन्स इथे त्याला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. मुखाने ना चिता रंगवली ना न्यायसभा. त्याचा हुस प्रवचनाच्या सज्जातून अर्धा बाहेर झुकलाय, खाली चॅपल माणसांनी भरलंय, राणी सोफियाही ऐकायला आली आहे, आणि डावीकडे भिंतीशी उभा आहे यान झिझका, पुढे जाऊन तलवार उचलणारा. मुखाने या चित्राला दिलेलं उपशीर्षक आहे ‘सत्याचा विजय होतो’. चेक राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर आजही याच अर्थाचे शब्द आहेत.

हुसनंतर त्याच्या अनुयायांनी, म्हणजे हुसाइटांनी, लढलेल्या युद्धांत पेत्र खेल्चित्स्की नावाचा एक विचारवंत म्हणत राहिला की धर्मासाठीसुद्धा मारणं चूकच. बाराव्या चित्रात वोद्न्यानी गावचे लोक घरदार सोडून आलेत, क्षितिजावर धूर आहे, मेलेल्यांना जमिनीवर ओळीने ठेवलंय. एकजण सूड घेण्यासाठी मूठ उगारतो आणि काखेत बायबल धरलेला खेल्चित्स्की त्याला आवरतो. १९१८ चं हे चित्र, महायुद्धाच्या अखेरच्या वर्षातलं. या माणसाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. टॉल्स्टॉयने अहिंसेवरच्या आपल्या पुस्तकात खेल्चित्स्कीची ओळख आदराने करून दिली. ते पुस्तक गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचलं आणि त्याने आपण भारावून गेलो असं आत्मकथेत लिहून ठेवलं.

पंधराव्या चित्रात मुखा स्वतःच्या घरी येतो. ‘बंधुसंघ’ या चेक प्रोटेस्टंट पंथाने सोळाव्या शतकात बायबलचं चेक भाषांतर हाती घेतलं. त्यांचा छापखाना आधी इवान्चित्सेत होता, मग तो क्रालित्से गावी हलवला आणि १५७९ पासून सहा खंड निघाले. चेक दडपली गेल्यावरही या बायबलची भाषा घराघरांत टिकली, आणि एकोणिसाव्या शतकात प्रमाण चेक घडवताना हीच हाताशी आली. चित्रात शरदातली बाग आहे, छापलेले कागद पाहणारी माणसं आहेत, मागे मुखाच्या बालपणीचा गावातला मनोरा. पुढे डावीकडे एका आंधळ्या म्हाताऱ्याला वाचून दाखवणारा विद्यार्थी मान वर करून आपल्याकडे रोखून पाहतो. त्याचा चेहरा तरुण मुखाचा आहे. भाषेला संकट आलं तर काय जातं, हे त्याच्या नजरेत जितकं आहे तितकं मला कुठल्या निबंधात सापडलेलं नाही.

आणि सोळावं. यान आमोस कोमेन्स्की, जगाला कोमेनिअस म्हणून माहीत असलेला शिक्षणतज्ज्ञ, याच बंधुसंघाचा शेवटचा बिशप. १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढणारा हाच. पांढऱ्या टेकडीनंतर त्याला देश सोडावा लागला तो कायमचा. १६७० मध्ये ॲमस्टरडॅमला तो वारला आणि जवळच्या नार्डेनला त्याला पुरलं. मुखाने त्याचा शेवट नार्डेनच्या समुद्रकिनाऱ्यावर कल्पिला आहे. जवळजवळ सगळं चित्र रिकामं आहे: करडी वाळू, करडं पाणी, करडं आभाळ. उजवीकडे खुर्चीत, समुद्राकडे तोंड करून बसलेला म्हातारा. डावीकडे बरोबर हद्दपार झालेली मूठभर माणसं, दुःखाने वाकलेली. दोहोंच्या मध्ये वाळूवर एक छोटा कंदील. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर एवढं थोडं रंगवायला धीर लागतो. सगळ्या मालिकेत मला हे चित्र श्रेष्ठ वाटतं.

शेवटचं, ‘स्लावांचा गौरव’, मला सर्वांत कमी भिडतं. निळ्यात प्राचीन काळ, लालात हुसाइट युग, काळ्यात शत्रू, पिवळ्यात स्वातंत्र्य, आणि मधोमध हात पसरलेला एक भव्य तरुण. सगळं एकाच वेळी सांगायला गेलं की पोस्टर होतं.

टीका, आणि ती कितपत खरी

एक मोठं स्लाव कुटुंब हे मुखाचं स्वप्न चित्रं रंगत असतानाच उसवत होतं. १९१३ मध्ये बल्गेरिया आणि सर्बिया एकमेकांशी लढले, महायुद्धात पुन्हा विरुद्ध बाजूंना उभे राहिले. ऑस्ट्रियाच्या फौजेतले चेक शिपाई रशियन शिपायांवर गोळ्या झाडत होते. पोलंड गिळणाऱ्यांत रशिया होताच, आणि २०२२ पासून रशिया युक्रेनवर चालून गेलेलं आपण पाहतो आहोत. ही भांडणं मालिकेत दिसत नाहीत. जर्मन आणि तुर्क मात्र बहुधा धोका म्हणूनच येतात. ज्या बोस्नियामुळे हे सगळं सुचलं, तिथल्या मुस्लिम स्लावांना २० पैकी एकही चित्र मिळालेलं नाही. ही उणीव मला टोचते.

तरी मुखा डोळे मिटून रंगवत नव्हता, याचा पुरावा एकोणिसाव्या चित्रात आहे. १८६१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांना मुक्त केलं. विषय उत्सवाचा. १९१३ मध्ये मुखा रशियाला जाऊन आला आणि १९१४ मध्ये त्याने जे रंगवलं त्यात उत्सव नाही. मॉस्कोचा लाल चौक, मागे धुक्यात बुडालेलं सेंट बॅसिल चर्च, बर्फावर उभे भांबावलेले शेतकरी. मोकळं झालो म्हणजे नक्की काय झालं, हे त्यांना कळलेलं नाही.

१९१९ मध्ये ११ चित्रं प्रागच्या क्लेमेन्टिनुममध्ये लागली. पुढे पाच चित्रं शिकागो आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला गेली. सहा लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. घरी मात्र स्वागत थंडच झालं. १९२८ मध्ये, स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्षी, प्रागच्या वेलेत्र्झनी राजवाड्यात, म्हणजे नव्या कोऱ्या प्रदर्शन-भवनात मालिका मांडली गेली तेव्हा तरुण चित्रकार क्युबिझम या आधुनिक शैलीच्याही पुढे गेले होते. त्यांना हे सगळं कालबाह्य वाटलं. देश मिळाला होता, भाषा राज्य करत होती. गवतात लपलेल्या दोन माणसांची आठवण कुणाला हवी होती?

गुंडाळी आणि कोर्टकचेरी

मुखाने ही चित्रं शहराला दिली ती एका अटीवर: शहराने त्यांच्यासाठी कायमची वास्तू बांधावी. ती बांधली गेली नाही. काही वर्षांनी कॅनव्हास गुंडाळून ठेवले. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. गेस्टापोने ७८ वर्षांच्या मुखाला पकडून चौकशी केली आणि सोडलं. १४ जुलै १९३९ ला न्यूमोनियाने तो गेला. युद्धात गुंडाळ्या लपवून ठेवल्या होत्या. नंतरच्या कम्युनिस्ट सरकारलाही या चित्रांचं प्रेम नव्हतं. १९५० मध्ये ती मोराव्स्की क्रुमलोव या गावच्या वाड्यात नेली गेली आणि १९६३ पासून हळूहळू तिथे लोकांना दिसू लागली. हे गाव इवान्चित्सेहून फार लांब नाही. राजधानीला जे सांभाळता आलं नाही, ते या लहानशा गावाने जवळपास अर्धशतक सांभाळलं.

किंमत आणि कीर्ती वाढल्यावर प्रागला आठवण झाली. गावकऱ्यांचा विरोध मोडून २०१२ मध्ये सगळी चित्रं पुन्हा त्याच वेलेत्र्झनी राजवाड्यात आली. २०१७ मध्ये ती टोकियोला गेली आणि तिथे प्रचंड गर्दी झाली. एवढे जुने कॅनव्हास गुंडाळून समुद्रापार पाठवण्यावर चित्रं दुरुस्त करणाऱ्यांनी हरकत घेतली होती, आणि मला ती रास्त वाटते. मुखाच्या नातवाने शहरावर दावा लावला: अट पाळली नाही तर देणगी कसली? खटला वर्षानुवर्षं चालला. २०२१ मध्ये मालिका परत मोराव्स्की क्रुमलोवला आली. प्रागमध्ये तिच्यासाठी कायमची जागा करण्याच्या योजना पुन्हा आखल्या जाताहेत.

एक चित्र राहिलंच. अठरावं, ‘ओम्लादिनाची शपथ’. ओम्लादिना ही देशभक्त चेक तरुणांची संघटना. लिंडनच्या झाडात बसलेली स्लाविया देवी आणि खाली शपथ घेणारे तरुण. ते पुरं झालं नाही. काही चेहरे अजून कोरेच आहेत. पुढे कठड्यावर हार्प घेऊन बसलेली मुलगी मात्र पूर्ण रंगवलेली आहे. ती मुखाची मुलगी यारोस्लावा, १९०९ मध्ये जन्मलेली. पुढे तीही चित्रकार झाली. युद्धाच्या दिवसांत लपवलेल्या कॅनव्हासना ओल लागली, रंग उडाला, तेव्हा ते दुरुस्त करायला बसलेल्यांत यारोस्लावा होती. वडिलांनी जिला चित्रात बसवलं होतं, तिनेच त्या कापडांवरचे उडालेले रंग पुन्हा भरले.